अमेरिकेच्या कायद्यात ‘जात’ हा शब्द हवाच



गेल्या पौर्णिमेस विहारातील वंदना आटोपल्यावर एक नवदीक्षित गृहस्थ आमच्याजवळ आले. त्यांचा मुलगा अमेरिकेत संगणक-अभियंता आहे. ते म्हणाले, “वकीलसाहेब, मुलगा लिहितो की तिकडे जातिभेदाविरुद्ध कायदा व्हावा म्हणून आपली माणसे सह्या गोळा करीत आहेत, मी सही करू का? आम्ही तर दीक्षा घेतली, जात टाकली. आता परक्या देशाच्या कायद्यात आपल्याच हाताने जात लिहून ठेवायची, तर दीक्षा घेतली कशासाठी?”

प्रश्न प्रामाणिक आहे आणि तो एकट्या त्या गृहस्थांचा नाही. जे कुटुंब कालपरवा बावीस प्रतिज्ञा घेऊन घरातील देव्हारा रिकामा करून बसले आहे, त्याला ‘जात’ हा शब्द ऐकला तरी शिसारी यावी हे योग्यच होय. परंतु हाच प्रश्न आमचे विरोधकही विचारतात, आणि तो मोठ्या साळसूदपणे विचारतात. तुम्ही कळवळ्याने विचारता. ते हिशेबाने विचारतात. म्हणून या प्रश्नाचा निकाल विहाराच्या पायरीवर दोन वाक्यांत लागण्यासारखा नाही.

प्रथम कायदा काय आहे ते समजून घ्या. अमेरिका हे संघराज्य आहे. प्रत्येक घटक राज्याचे कायदे निराळे, शहरांचे नियम निराळे, आणि या सर्वांच्या वर संघराज्याचा कायदा. नोकरीतील भेदभावाविरुद्ध संघराज्याचा मुख्य कायदा १९६४ चा आहे. त्या नागरी हक्क कायद्याच्या सातव्या प्रकरणात पाच कारणे सांगितली आहेत: वंश, वर्ण, धर्म, लिंग आणि राष्ट्रीय मूळ. (येथे वर्ण म्हणजे कातडीचा रंग; चातुर्वर्ण्यातला नव्हे. तो त्यांना ठाऊकच नव्हता.) पंधरा किंवा अधिक नोकर असलेल्या मालकास तो लागू पडतो. त्याहून जुना एक कायदा आहे १८६६ चा. गुलामगिरी नष्ट झाल्यावर लगेच तो झाला, आणि करार करण्याचा, मालमत्ता घेण्याचा जो हक्क गोऱ्या नागरिकास आहे तोच सर्वांस आहे असे त्याने सांगितले. या दोहोंतही ‘जात’ हा शब्द नाही. नियमाच्या अक्षरात नसलेली गोष्ट त्याच्या पोटात आहे की नाही, हा आजचा वाद आहे.

पण जात हा शब्द अमेरिकेच्या कायद्याला परका आहे असे जो म्हणेल त्याने त्या देशाचा इतिहास वाचलेला नाही. ज्या चौदाव्या घटनादुरुस्तीवर तेथील समतेची सारी इमारत उभी आहे, ती १८६६ मध्ये सेनेटमध्ये मांडताना सेनेटर जेकब हॉवर्ड यांनी तिचे प्रयोजन सांगितले, ते असे की एका जातीच्या माणसांना एक नियम आणि दुसऱ्या जातीला दुसरा, हा अन्याय तिच्यामुळे संपावा. १८९६ मध्ये आगगाडीचे डबे गोऱ्यांचे निराळे व काळ्यांचे निराळे ठेवण्यास तेथील सर्वोच्च न्यायालयाने संमती दिली, तेव्हा न्यायमूर्ती हार्लन या एकट्या न्यायाधीशाने विरोधी मत लिहिले. या देशात जात नाही आणि राज्यघटनेला रंग दिसत नाही, असे त्यांनी बजावले. (त्याच मतपत्रात चिनी लोकांविषयी त्यांनी जे लिहिले ते मात्र वाचवत नाही. मोठ्या माणसांच्या लेखणीलाही असे डाग असतात.) हार्लन यांच्या त्या उद्गाराचा अर्थ स्पष्ट होता: जात असता कामा नये. आज तोच उद्गार उलटा करून वापरला जातो. २९ जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांतील वंशाचा विचार करणारी प्रवेशपद्धती रद्द केली, आणि त्या वादात राज्यघटनेला रंग दिसत नाही हे वचन वारंवार पुढे आले. ज्याने जखम दाखविण्यासाठी दिवा लावला, त्याचाच दिवा औषध देणाऱ्याच्या हातावर आपटण्यात आला! ‘जात असू नये’ या वाक्याचे ‘जात दिसू नये’ असे रूपांतर कसे होते, ते आम्हा भारतीय बौद्धांना कोणी शिकविण्याची गरज नाही.

आता एक जुना खटला ऐका. तो ऐकल्यावाचून आजचा वाद कळणार नाही.

अमेरिकेचे नागरिकत्व मिळण्यास त्या काळी माणूस ‘गोरा’ असावा लागे. तसा १७९० पासूनचा नियम होता, आणि १८७० मध्ये त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. अमृतसरकडचे भगतसिंग थिंद नावाचे एक गृहस्थ पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. ते धर्माने शीख. त्यांना नागरिकत्व मिळाले, सरकारने हरकत घेतली, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयासमोरचा प्रश्न असा शब्दबद्ध झाला होता की, अमृतसर येथे जन्मलेला, पूर्ण भारतीय रक्ताचा, उच्च जातीचा हिंदू हा गोरा माणूस आहे काय? त्यांच्या बाजूने युक्तिवाद काय झाला? मी काळा असलो तरी माणूस आहे, मी या देशासाठी गणवेश चढविला आहे, मला समान वागवा, असा नव्हे. युक्तिवाद असा की आम्ही उच्चवर्णीय आर्य आहोत. जातिबंधनामुळे आमचे रक्त शुद्ध राहिले आहे. आणि विवाहाच्या बाबतीत आम्ही आमच्या देशातील आदिवासींकडे त्याच दृष्टीने पाहतो, ज्या दृष्टीने अमेरिकन माणूस काळ्या माणसाकडे पाहतो!

वाचकहो, हे वाक्य दोनदा वाचा. तुमचा तिरस्कार करणे ही त्या दरबारात लायकी म्हणून सादर करण्यात आली होती. आम्ही त्यांना तुडवितो, म्हणून आम्ही तुमच्यापैकीच आहोत!

१९ फेब्रुवारी १९२३ रोजी न्यायमूर्ती सदरलँड यांनी निकाल दिला. सामान्य अमेरिकन ज्याला गोरा समजतो तोच गोरा. आर्य म्हणविल्याने कोणी गोरा होत नाही. आणि रक्तमिश्रण थांबविण्यासाठी जातीचा नियम योजला असला तरी तो पुरता यशस्वी झालेला दिसत नाही, असा शेराही त्यांनी मारला. थिंद हरले. इतर भारतीयांचेही नागरिकत्व काढून घेण्याचे सत्र सुरू झाले. हा निकाल वर्णद्वेषाचा होता, अन्यायाचा होता, यात शंका नाही. आम्ही त्याचा आनंद मानीत नाही. पुढे १९४६ मध्ये भारतीयांना नागरिकत्वाचे दार किलकिले झाले, आणि १९६५ च्या कायद्याने ते खऱ्या अर्थाने उघडले. ते कोणी उघडले? आर्य रक्ताच्या दाखल्यांनी नव्हे. काळ्या लोकांच्या नागरी हक्कांच्या चळवळीने देशाची सदसद्विवेकबुद्धी हलविली म्हणून ते उघडले. आज सिलिकॉन व्हॅलीत जे भारतीय मोठ्या पगारावर बसले आहेत, ते सारे त्या दारातून आत गेलेले आहेत.

या इतिहासाचे मर्म आमच्या ध्यानात राहते ते एवढ्यासाठी: १९२३ मध्ये जात आहे, आमची जात उच्च आहे, असे अमेरिकेच्या न्यायालयात शपथेवर सांगणे फायद्याचे होते, तेव्हा ती होती. शंभर वर्षांनी, २०२३ मध्ये, त्याच देशात जातीवरून होणाऱ्या छळाला कायद्याने बंदी घालण्याची वेळ आली, तेव्हा तिकडून आवाज आला की येथे जात नाहीच! जात ही वस्तू यांच्या खिशातल्या रुमालासारखी आहे. घाम पुसायचा तेव्हा काढावी, एरवी घडी करून ठेवावी.

बाबासाहेबांना हे १९१६ मध्येच दिसले होते. त्या वर्षी मे महिन्यात कोलंबिया विद्यापीठात भारतातील जातींवरचा आपला निबंध त्यांनी वाचला, त्यात ज्ञानकोशकार केतकरांचा हवाला देऊन त्यांनी इशारा दिला, की हिंदू माणूस जगात इतरत्र जाऊन राहिला तर जातीचा प्रश्न हा जगाचा प्रश्न होईल. केतकर स्वतः अमेरिकेत शिकलेले, जन्माने ब्राह्मण. आमच्या पक्षाचे नव्हेत. तरी त्यांना जे दिसले ते आजच्या पुढाऱ्यांना दिसत नाही, किंवा दिसूनही दाखवावयाचे नाही.

प्रश्न न्यायालयात कसा आला तेही सांगतो. जून २०२० मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या नागरी हक्क विभागाने सिस्को या कंपनीविरुद्ध संघराज्याच्या न्यायालयात दावा लावला. आरोप असा की एका दलित अभियंत्याला वरच्या जातीच्या भारतीय वरिष्ठांनी जातीवरून कमी लेखले आणि तक्रार केल्यावर त्याचा सूड घेतला. कंपनीने आरोप नाकारले. त्याच वर्षी विभागाने दावा तेथून काढून घेऊन राज्याच्या न्यायालयात नेला. २०२३ मध्ये दोघा वरिष्ठांविरुद्धचा भाग मागे घेतला, कंपनीविरुद्धचा ठेवला. कोण खरे, कोण खोटे, हे पुरावा पाहिल्यावाचून सांगणे वकिलाला शोभणार नाही. आमचा मुद्दा निराळा आहे. १९६४ च्या कायद्यातील पाच शब्दांत जात येते की नाही, या प्रश्नावर त्या दाव्यात संघराज्याच्या न्यायालयाने बोलण्याची वेळच आली नाही. सर्वोच्च न्यायालयानेही तो प्रश्न निकालात काढलेला नाही.

दरम्यान लोक थांबले नाहीत. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी सिएटल नगरपरिषदेने क्षमा सावंत यांच्या ठरावावरून आपल्या नियमांत जात हा शब्द घातला. त्याच वर्षी फ्रेस्नो शहराने घातला. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने आयशा वहाब यांचे विधेयक दोन्ही सभागृहांत मोठ्या बहुमताने संमत केले. आणि ७ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्यपाल न्यूसम यांनी त्यावर सही करण्यास नकार दिला. कारण काय दिले? जातीवरचा भेदभाव प्रचलित कायद्याने निषिद्ध आहेच, म्हणून हे अनावश्यक!

‘अनावश्यक’ या शब्दाची आम्ही जरा चौकशी करू. कायदेपंडित म्हणून आम्हाला ठाऊक आहे की या म्हणण्यात अर्धे सत्य आहे. एका अरब वंशाच्या प्राध्यापकाने सेंट फ्रान्सिस कॉलेजविरुद्ध १८६६ च्या कायद्याखाली दावा लावला. अरब हे तर गोऱ्या वंशात मोडतात, मग वंशभेद कसला, असा कॉलेजचा बचाव होता. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये एकमताने सांगितले की पूर्वजपरंपरा अथवा वांशिक लक्षणे यांवरून केलेला भेद त्या कायद्याला निषिद्धच आहे. जात म्हणजे पूर्वजांवरून ठरलेला दर्जाच नव्हे काय? मग ती त्यात येते, असे म्हणण्यास उत्तम आधार आहे. २०२० मध्ये बॉस्टॉक खटल्यात न्यायालयाने आणखी एक गोष्ट सांगितली: १९६४ मध्ये कायदा करणाऱ्यांच्या मनात कोण होते ते पाहू नका, शब्दांचा अर्थ पाहा. हेही आमच्या बाजूचे. आणि वरिष्ठही भारतीय, कनिष्ठही भारतीय, मग भेद कसला, हा जो बाळबोध प्रश्न कचेऱ्यांतून विचारला जातो, त्याचे उत्तर १९७७ सालीच मिळाले आहे. एका समूहाचा माणूस त्याच समूहाच्या माणसाविरुद्ध भेदभाव करणारच नाही असे कायदा गृहीत धरीत नाही, असे त्या वर्षी एका मेक्सिकन-अमेरिकन आरोपीच्या प्रकरणात न्यायालयाने म्हटले.

असे सारे असता शब्द कशाला हवा? कारण हे सारे वकिलाचे युक्तिवाद आहेत, आणि युक्तिवाद विकत घ्यावा लागतो. शब्द लिहिलेला असला म्हणजे फिर्यादी पहिल्या दिवशी पुराव्यावर येतो. शब्द नसला म्हणजे प्रतिवादी पहिला बचाव हाच करतो की जात कायद्यात नाही, आणि मग दोन-दोन वर्षे एका शब्दाच्या अर्थावर जातात. एवढा काळ कोण टिकणार? तुमचा मुलगा? तो तेथे एच-वन-बी परवान्यावर असतो. नोकरी सुटल्यास दुसरी नोकरी शोधण्यास त्याला सर्वसाधारणपणे ६० दिवस मिळतात. ती न मिळाल्यास बिऱ्हाड आवरून परत. भेदभावाची तक्रार समान रोजगार संधी आयोगाकडे नोंदविण्यास मुदत आहे १८० दिवसांची, आणि जेथे राज्याची तशी यंत्रणा आहे तेथे ३०० दिवसांची. तक्रारीला तीनशे दिवस आणि देश सोडायला साठ! ज्याच्या सहीवर परवाना अवलंबून, तोच जर गाव कोणते, आडनाव मूळचे काय, मांस खाता काय, असे हसतहसत विचारू लागला, तर तो मुलगा अनिश्चित अर्थाच्या कायद्यावर विसंबून तोंड उघडील काय? राज्यपालमहाशयांनी ज्याला अनावश्यक म्हटले, ते त्या मुलाला किती आवश्यक आहे!

विरोधकांचे इतर आक्षेप थोडक्यात घेऊ. म्हणतात, जातीचा उल्लेख केल्याने एकट्या हिंदूंवर ठपका येतो. शहरांच्या त्या नियमांचा रोख कोणत्याही धर्मावर नाही. जात ख्रिस्ती घरांत आहे, शिखांत आहे, मुसलमानांत आहे, आणि खोटे कशाला बोला, आपल्याही काही घरांत सोयरिकीच्या वेळी ‘पूर्वीची पोटजात’ विचारली जाते. हे वाक्य ज्यांना झोंबेल त्यांनी आमच्यावर रागावण्यापूर्वी आपली निमंत्रणपत्रिका तपासावी. नियम ज्याचा छळ होईल त्या प्रत्येकाचा आहे. उद्या एखाद्या ब्राह्मणाला जातीवरून नोकरी नाकारली तर तोही या शब्दाचा आश्रय घेईल. बहुसंख्याकाने फिर्याद केली म्हणून त्याच्यावर पुराव्याचा जास्त भार टाकता येत नाही, हे २०२५ मध्ये एम्स खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलेच आहे. मग भय कोणाला आहे? दुसरा आक्षेप, की जातीची व्याख्या करता येत नाही. १९६४ च्या कायद्याने ‘वंश’ या शब्दाची तरी व्याख्या कोठे केली आहे! हिंदू अमेरिकन फाउंडेशनने कॅलिफोर्नियाच्या विभागाविरुद्ध संघराज्याच्या न्यायालयात धाव घेतली ती २०२३ मध्ये पहिल्या फेरीत निष्फळ ठरली; हा दावा लावण्याचा अधिकारच सिद्ध होत नाही, असे न्यायालयाने म्हटले. आणि अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने २००७ मध्ये भारतातील अस्पृश्यतेबद्दल चिंता व्यक्त करणारा ठराव केला आहे, हेही सांगून ठेवतो. आमच्या अंगणातली घाण त्यांना दिसली. ती आपल्या ओसरीवर आली तेव्हा मात्र शब्द सापडेना!

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो, कारण तोच आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आम्ही जात सोडली. मग जातीच्या नावाने संरक्षण कसे मागावे?

बंधूंनो, जात तुम्ही सोडलीत, हे खरे. पण भेदभाव करणाऱ्याने ती सोडली काय? दीक्षा हा तुमच्या मनाचा निर्णय आहे. छळ हा त्याच्या मनाचा. कायदा तुमच्या मनाला हात लावीत नाही, त्याच्या हाताला लावतो. टेक्सासमधील कॉन्रो शहरात भारतात जन्मलेला एक मुसलमान मोटारविक्रेता होता. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर त्याला दुकानातील माणसे ‘तालिबान’ म्हणत, ‘अरब’ म्हणत. तो अरब नव्हताच. मालकाचा बचाव असा, की ज्या मूळचा तो नाही त्या मूळावरून त्याला छळले, तर तो राष्ट्रीय मूळावरचा भेद कसा? पाचव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने २००७ मध्ये हा बचाव फेटाळला. छळणाऱ्याने मूळ चुकीचे ओळखले म्हणून छळ बरोबर होत नाही! हे तत्त्व आमच्यासाठी सोन्याचे आहे. तुम्ही स्वतःला बौद्ध म्हणा. तो तुम्हाला मनातल्या मनात जुन्याच नावाने हाक मारीत असेल, तर उत्तर त्याने द्यावयाचे आहे, तुम्ही नव्हे.

पण येथेही गाफील राहू नका. मेरीलँडमधील एका यहुदी प्रार्थनामंदिराच्या भिंती द्वेषाच्या घोषणांनी विद्रूप करण्यात आल्या. ज्यू हा वंश आहे असे त्या मंदिराच्या लोकांचे म्हणणे नव्हते. पण विद्रूप करणाऱ्यांनी त्यांना वंशच मानले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये त्यांना १८६६ च्या कायद्याचे संरक्षण दिले खरे. परंतु सांगितले असे, की छळणाऱ्याच्या मनात वंशद्वेष होता एवढ्याने भागत नाही, तो द्वेष ज्या समूहाविरुद्ध होता तो समूह कायदा करणाऱ्यांना अभिप्रेत असला पाहिजे. ज्यूंना त्या काळी निराळा वंश समजत, म्हणून ते वाचले. आता विचार करा. १८६६ च्या अमेरिकेला महार, मांग, चांभार, वाल्मीकी ठाऊक होते काय? एका न्यायालयाचे वाक्य आम्हाला तारते, दुसऱ्याचे आम्हाला दारात उभे करते. शब्द लिहून घ्या, हा आमचा हट्ट त्याकरिता आहे.

आणि हे आम्ही परक्यांच्या अनुभवावरून बोलत नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच असला पाहिजे असे ठरविले. १९५६ मध्ये शिखांना त्यात घेतले. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरास लाखो लोकांनी बाबासाहेबांच्या हातून धम्म घेतला. दिल्लीचा कायदा काय म्हणाला? तुम्ही बौद्ध झालात, तेव्हा तुमची जात गेली, तेव्हा तुमचे संरक्षण गेले! गावच्या विहिरीवर मात्र जात गेली नव्हती. पाटलाच्या ओसरीवर गेली नव्हती. ती गेली होती फक्त सरकारी कागदावर, आणि तीही आम्हाला काही देण्याची वेळ आली तेव्हा. केंद्राच्या सवलतींसाठी बौद्धांचे नाव त्या आदेशात येण्यास १९९० साल उजाडावे लागले. चौतीस वर्षे! त्या चौतीस वर्षांत ज्यांची शिक्षणे अडली, ज्यांनी केवळ दाखल्यासाठी कागदावर जुने नाव ठेवले आणि मनातल्या मनात शरमले, अशी माणसे तुमच्या आजोबांच्या पिढीत घरोघर होती. ‘जात सोडलीत ना, मग आता मागता काय?’ हे वाक्य आम्ही तेव्हा ऐकले आहे. ते आज अमेरिकन इंग्रजीत ऐकू येते, एवढाच फरक.

सवलत आणि हक्क यांतला भेदही तुम्हाला ठाऊक आहे. १९६५ मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी सरकारी कंत्राटदारांनी भेदभाव करू नये आणि मागासांना संधी द्यावी, असा हुकूम काढला होता. साठ वर्षे तो चालला. जानेवारी २०२५ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांच्या एका सहीने तो रद्द झाला. एप्रिल २०२५ मध्ये आणखी एक हुकूम निघाला: जो नियम दिसायला सारखा पण परिणामाने एका समूहाला डावलणारा असतो, त्याविरुद्ध सरकारी खात्यांनी कारवाई मागे ठेवावी. परंतु परिणामावरून भेद सिद्ध करण्याची वाट काँग्रेसने १९९१ मध्ये कायद्यात लिहून ठेवली आहे. हुकूम तिला पुसू शकत नाही, सरकार फार तर त्या वाटेने चालायचे नाकारील. हुकमाने मिळाले ते हुकमाने गेले. कायद्यात लिहिले ते राहिले. जो आज म्हणतो की आमचे अधिकारी प्रचलित कायद्यात जात धरतातच, त्याला विचारा, उद्याचे अधिकारी कोण असतील?

मुलाला सही करावयास सांगा, असे आम्ही त्या गृहस्थांना सांगितले. आणखीही काही सांगितले, ते तुमच्याही उपयोगी पडेल. जातीवरून त्रास होत असेल तर तारीख, वेळ, कोण काय बोलले, समोर कोण होते, हे त्याच रात्री लिहून ठेवावे. पत्रव्यवहार कचेरीच्या यंत्रावर न ठेवता कायद्याने ठेवता येईल तेवढा स्वतःजवळ असावा. आयोगाच्या तक्रारअर्जावर जातीचा चौकोन नाही. वंश आणि राष्ट्रीय मूळ या चौकोनांवर खूण करून ‘इतर’ या जागी जात हा शब्द स्पष्ट लिहावा. आणि दीक्षेवरून कोणी टोमणे मारीत असेल, तुम्ही आमच्यातून फुटलात म्हणून वागणूक बदलली असेल, तर ‘धर्म’ हा चौकोन विसरू नये. आपले लोक तो नेहमी विसरतात. पाच शब्दांपैकी हा एक शब्द कोणत्याही युक्तिवादावाचून आपला आहे.

त्या शब्दात आणखी एक गोष्ट आहे. ज्या दिवशी हार्वर्डचा निकाल लागला, त्याच २९ जून २०२३ रोजी, तेथील सर्वोच्च न्यायालयाने एका टपालवाहकाच्या प्रकरणात एकमताने ठरविले की धार्मिक दिवसाच्या सुटीसारखी सोय मालकाला किरकोळ त्रास होतो म्हणून नाकारता येणार नाही. धंद्याला खरोखर भारी खर्च पडतो हे त्याने दाखविले पाहिजे. ते गृहस्थ हे ऐकून थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनी विचारले, “म्हणजे १४ ऑक्टोबरला पोराला रजा मागता येईल?” येईल. आम्ही तेथेच विहाराच्या पायरीवर बसून त्याच्या अर्जाचा मसुदा इंग्रजीत लिहून दिला. कारणाच्या रकान्यात ‘धम्मचक्र प्रवर्तन दिन’ एवढेच घातले आहे.